खालची कवळी

टिण्.

काचेच्या वाटीत काहीतरी पडलं, वाटीतलं पाणी थोडं हललं आणि स्वयंपाकघर पुन्हा गप्प झालं. ती ओट्याशी उभी राहून उकडलेली अंडी सोलत होती. मागे वळून पाहण्याची तिला गरज नव्हती. आवाज एकदाच झाला होता. म्हणजे खालचीच निघाली होती.

या घरात सासूबाईंच्या कवळीला स्वतःचा असा कायदा होता. एखादं बोलणं नकोसं झालं की त्या खालचे दात काढून वाटीत टाकत. म्हणजे बोलणं तहकूब. राग उतरला, चहा झाला, की दात परत तोंडात जात आणि विषय जिथे सोडला होता तिथूनच पुढे सुरू होई. पण खालच्यामागोमाग वरचीही कवळी वाटीत पडली, टिण् टिण् असा जोडीने आवाज झाला, की समजायचं, विषय कायमचा मिटला. मग कोणी कितीही डोकं आपटलं तरी तो पुन्हा निघत नसे. कुबडी वापरायची की नाही हा विषय असाच मिटला होता. भाच्याच्या घरी चार दिवस राहायला जाण्याचाही.

"मी फक्त विचारलं, तुम्ही काय ठरवलंत म्हणून," ती हातातल्या अंड्याला म्हणाली.

"बघू." अर्ध्या दातांनी तो शब्द जरा ओला होऊन आला. "तुझं काय म्हणणं?"

"तुम्ही म्हणाल तसं, आई."

"ते झालंच. मी तुझं विचारतेय."

"माझं काय असणार?"

"एकच वाजलं!" टेबलाखालून भिंगरीने जाहीर केलं. पुढचे दोन दात नुकतेच पडल्यामुळे तीही हल्ली आजीसारखीच ओलं बोलत होती. "म्हणजे अजून बोलणं बाकी आहे."

बाकी होतंच. पण अंडी सोलून झाली, डबा भरला, थर्मासचं झाकण घट्ट लागत नव्हतं ते दोनदा लावून झालं, तरी कोणी काही बोललं नाही. दाराशी निळी बॅग उभी होती. तिच्यात सासूबाईंचे कपडे होते, शाल होती, औषधांचा डबा, चष्म्याची जुनी जोडी, कवळी घासायचा ब्रश. ती बॅग तिने काल संध्याकाळीच भरून ठेवली होती. भरताना सासूबाई पलंगावर बसून पाहत होत्या आणि मधूनच "तो स्वेटर नको, टोचतो," एवढंच म्हणत होत्या.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. तो म्हणजे सासूबाईंचा मुलगा, भिंगरीचा बाबा, आणि तिचा कोणी नाही. डोंगराच्या पलीकडच्या शहरात त्याने नवं घर घेतलं होतं. "लिफ्ट आहे," तो म्हणाला होता. "आईला खोली वेगळी काढलीय. खिडकीतून बाग दिसते." मग म्हणाला, "मध्यावर तो धबधबा आहे ना, तिथे भेटू. तिथे आता खुर्ची जाईल असा सोपा रस्ता केलाय. तिला बघायलाही होईल. तिथूनच मी तिला घेऊन जाईन." आणि थोडं थांबून, "म्हणजे तिची तयारी असेल तर. आपण दोघांनी तिच्या वतीने ठरवायला नको."

खरं म्हणजे हे सगळं बोलणं समजूतदारपणाचं होतं. त्याच्यात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि तेच तिला जड जात होतं.

ज्या वर्षी तो घर सोडून गेला त्याच वर्षी सासूबाई बाथरूममध्ये पडून मांडीचं हाड मोडून बसल्या होत्या. अशा बाईला कुठे पाठवणार? म्हणून त्या राहिल्या. आधी हाड जुळेपर्यंत, मग पाऊस संपेपर्यंत, मग भिंगरीची शाळा सुरू होईपर्यंत. कोर्टाने नवरा रद्द केला, त्याच कागदाने सासूही रद्द केली असणार. पण त्या जागी काय म्हणायचं हे कोर्टाने सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं. ती ज्या दातांच्या लॅबमध्ये काम करायची तिथली पॉलिशवाली तर तिला तोंडावरच हसायची. "बायका सासू सोडतात आणि नवरा ठेवतात गं. तुझा सगळाच उलटा कारभार."

तीही हसायची आणि मेणाचा दात सुरीने कोरत राहायची.

जिना ही या घरातली सगळ्यात खरी गोष्ट होती. तिसरा मजला, वळणं अरुंद, लिफ्ट नाही. सासूबाई उन्हाळ्यानंतर आज पहिल्यांदा खाली उतरल्या, आणि तेही प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, तळमजल्यावरच्या टेलरच्या आणि त्याच्या मेव्हण्याच्या हातांवर.

"सावकाश रे. मी काय कापडाचा तागा आहे?"

"तागा असता तर एकट्याने खांद्यावर टाकला असता, आजी," टेलर धापा टाकत म्हणाला.

"चार घास कमी खायला हवे होते मी."

"आम्ही चार जास्त खाऊ."

खाली पोहोचल्यावर त्याने सासूबाईंना गाडीत बसवलं, कपाळ पुसलं आणि तिला विचारलं, "परत किती वाजता आणायचं? मेव्हण्याला थांबवून ठेवतो."

ती निळी बॅग डिकीत ठेवत होती. "फोन करते," ती म्हणाली.

टेलरने बॅगेकडे पाहिलं. मग ती प्लास्टिकची खुर्ची उचलून त्याने जिन्याखाली नेऊन ठेवली आणि तो दुकानात गेला.

गाडीत सासूबाईंच्या तोंडात दोन्ही कवळ्या होत्या. ती वाट पाहत होती. पण विषय निघाला नाही. निघाला तो रस्त्याकडेच्या झाडांचा, समोरच्या ट्रकवाल्याच्या अकलेचा, आणि भिंगरीच्या पडलेल्या दातांचा.

"तुला तुझी आई दात करून देईल," सासूबाई म्हणाल्या. "माझ्यासारखे."

"माझे आपोआप येणारेत!"

"मग तुझी चैनच आहे बाई."

सासूबाईंची कवळी तिनेच केली होती. डॉक्टरांनी माप पाठवलं, आणि लॅबमधल्या बाकीच्या मापांसारखंच ते तिच्या टेबलावर आलं. सगळे दात एका रेषेत, मोत्यासारखे लावता आले असते. लोकांना तसेच हवे असतात. पण तिने घरून एक जुना फोटो नेला होता, आणि त्या फोटोत हसणाऱ्या बाईचा कडेचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला होता. तिने तो तसाच लावला. पहिल्यांदा कवळी बसवल्यावर सासूबाई आरशासमोर बराच वेळ बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "हिला मी ओळखते."

त्यापलीकडे त्या दोघींमध्ये असं बोलणं फारसं होत नसे. लग्न होऊन ती घरात आली, त्याच आठवड्यात सासूबाईंनी सगळं आखून दिलं होतं. "मला आई म्हण. पण अहो-जाहो कर. अगं-तुगं करायला मी काही तुझी मैत्रीण नाही, आणि जन्मही दिलेला नाही." त्यात राग नव्हता, व्यवहार होता, दुधाचं भांडं कुठल्या फळीवर ठेवायचं हे सांगावं तसं सांगितलं होतं. तिलाही ते बरंच वाटलं होतं. तिची स्वतःची आई ती कॉलेजात असतानाच गेली होती. 'अगं आई' हे दोन शब्द त्या आईबरोबर गेले होते, आणि ते आणखी कोणाला देण्याचा तिचा विचार नव्हता. नवऱ्याला तिने कधी अहो म्हटलं नाही. त्या घरातलं सगळं अहो सासूबाईंच्याच वाट्याला आलं. अहो आई, गोळी घेतलीत का? अहो आई, जरा कुशीवर वळता का? अंघोळ घालताना, पाठ चोळताना, मोडलेल्या मांडीखाली उशी सरकवतानाही ते अहो तसंच कडक राहिलं, इस्त्रीच्या कपड्यासारखं.

धबधब्याच्या फाटकाबाहेर तो आधीच येऊन थांबला होता. थोडा जाड झाला होता, आणि ते त्याला शोभत होतं. भिंगरी धावत जाऊन त्याच्या पायांना बिलगली. मग तो गाडीच्या दाराशी आला, वाकला आणि आईच्या मानेवरची शाल त्याने सारखी केली.

"अगं, किती वाळलीस!"

"अरे, तू माझ्या वाटणीचं खातोस ना."

"बॅग माझ्या गाडीत टाकू?" त्याने वळून विचारलं. हा प्रश्न तिला होता.

"टाक."

एका डिकीतून निघून बॅग दुसऱ्या डिकीत गेली. सासूबाई काचेतून ते पाहत होत्या. त्यांनी ओठ घट्ट मिटले, जसे कवळी नीट बसली का ते पाहताना मिटायच्या.

फाटकाशी चाकाच्या खुर्च्या ओळीने लावून ठेवल्या होत्या. तिथला रखवालदार हसरा आणि बोलका होता; दिवसभर तेच तेच सांगून त्याच्या बोलण्याला एक चाल आली होती. "खुर्ची मोफत, छत्री मोफत, धबधबाही मोफत. फक्त ब्रेक दोन आहेत, डावा-उजवा. पुढे धबधब्यासमोरच्या ओट्यावर पोहोचलात की दोन्ही लावायचे. एक नाही, दोन्ही. तिथे पाणी वाहून जायला उतार दिलाय. खुर्चीबरोबर घरचं माणूस कोण?"

"मी. मुलगा," तो म्हणाला.

"आणि या कोण?"

प्रश्न साधा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने खुर्चीच्या चाकाकडे पाहिलं, आणि सासूबाई चष्मा पुसायला लागल्या.

"ही माझी आई," भिंगरी म्हणाली. "तो बाबा. आणि ती आजी."

"म्हणजे सगळे घरचेच," रखवालदार म्हणाला, आणि कोणीही त्याला दुरुस्त केलं नाही.

रस्ता खरोखरच सोपा होता. दगडी फरशा एकमेकींना घट्ट लागून बसवलेल्या, चढ आहे की नाही हे चाकालाच कळावं इतका हलका. कडेला लाकडी कठडा होता आणि त्याच्या खाली आणखी एक बुटका, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हाताला येईल असा. सासूबाईंचा हात त्याच्यावरून घसरत चालला होता. एका ठिकाणी एक झाड तसंच मध्ये ठेवून रस्ता त्याला वळसा घालून गेला होता.

"एवढं सोपं?" त्या म्हणाल्या. "मग लोक दमून आलो, दमून आलो म्हणून कशाला सांगतात? मी आपली समजत होते, बघण्यासारखं जे काही असतं ते सगळं पायऱ्यांच्या वर असतं."

"जुना रस्ता होता तसाच, पायऱ्यांचा," तो खुर्ची ढकलत म्हणाला. "हा नवा. अगं, आमच्याकडेही असंच आहे. दारापासून बागेपर्यंत एक पायरी नाही. तुझं तुला फिरता येईल. आणि ती घरूनच काम करते, त्यामुळे दिवसभर कोणीतरी असतं."

ती म्हणजे त्याची नवी बायको. त्याने नाव घेतलं नाही, एवढी कदर केली.

"स्वभावाने कशी आहे?"

"चांगली आहे. कमी बोलते."

"मग माझं कसं व्हायचं?"

तो हसला. मागून चालताना ती ते हसणं ऐकत होती. हसणं नाही, त्याच्या आधीचं आणि नंतरचं 'अगं' ऐकत होती. अगं ऐक ना. अगं हात आत घे. तो ते किती सहज म्हणत होता! जन्मापासून खिशात असलेलं नाणं काढावं तसं. लॅबमधून दमून आलेल्या कित्येक संध्याकाळी तिने मनात म्हटलं होतं की सुटलं पाहिजे, एक तरी रात्र कोणी हाक न मारता झोपलं पाहिजे. रिकाम्या होणाऱ्या खोलीत टेबल टाकून घरीच काम आणता येईल, हाही हिशेब तिने करून ठेवला होता. त्यात चूक काही नव्हती. आज तो हिशेब पुरा होत होता, आणि ती एका बुटक्या कठड्यावरून घसरत चाललेल्या हाताकडे बघत चालली होती.

"आणि तुझ्या दातांचंही करून घेऊ," तो म्हणत होता. "आमच्या इथे स्क्रूचे पक्के दात बसवतात. काढघाल नको, काही नको."

"माझ्या दातांना काय झालंय?"

"काही नाही गं. उलट छान दिसतेस. तो वाकडा दात तेवढा अजून तसाच आहे."

"अरे खुळ्या, सगळे पाडले माझे. तो कसा राहील?"

तो थांबला. वाकून त्याने आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग मागे, तिच्याकडे पाहिलं. ती भिंगरीच्या बुटाची नाडी बांधायला खाली बसली होती.

पुढचं वळण घेतलं आणि बोलणं बंद पडलं. धबधब्याचा आवाज आधी नुसता मागे कुठेतरी होता, तो एकदम अंगावर आला. पाणी दिसायच्या आधी त्याचा गारवा चेहऱ्याला लागला. मग कड्यावरून सुटलेला तो पांढरा लोंढा दिसला, सरळ, घाई नसलेला, मध्येच एका खडकावर आपटून फुटणारा आणि खाली धुराच्या कुंडात नाहीसा होणारा. ओट्यावर दोनचार माणसं होती, ती हातवारे करून बोलत होती. भिंगरी तोंड उघडं टाकून उभी राहिली. पुढच्या दातांच्या जागेत तुषार जात असावेत, कारण तिने जीभ बाहेर काढून पाहिली.

सासूबाई काही म्हणाल्या. कोणाला ऐकू आलं नाही.

त्याने खुर्ची कठड्याजवळ उभी केली, ब्रेक लावला आणि आईच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "काय म्हणालीस?"

"काही नाही! म्हटलं, नळ चालू राहिला कुणाचा!"

तो हसत हसत खाली बसला. आता त्याचा चेहरा आईच्या चेहऱ्यासमोर होता. इतका वेळ ज्याच्यासाठी तो रस्ताभर सोप्या सोप्या गोष्टी बोलत आला होता, ते आता बोलायचं होतं, आणि तेही ओरडून.

"मग? येतेस ना?"

सासूबाईंनी पाण्याकडे पाहिलं. मग मान वळवून तिला शोधलं. ती दोन पावलं मागे उभी होती, हातात थर्मास, खांद्यावर भिंगरीचं जाकीट. सासूबाईंच्या नजरेत सकाळचाच प्रश्न होता, तुझं काय म्हणणं, आणि तिच्याकडे सकाळचंच उत्तर होतं. तुम्ही म्हणाल तसं. मुलगा विचारतोय, लिफ्ट आहे, बाग आहे. ज्या बाईशी आपलं कागदावर काही नातं नाही तिला तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत परत चला म्हणायचा आपल्याला काय अधिकार? तिने थर्मास या हातातून त्या हातात घेतला.

सासूबाईंनी रुमाल तोंडाशी नेला. खालची कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि हात मागे केला. तिने पुढे होऊन ती घेतली, नेहमीसारखी.

"दुखतायत?" तो ओरडला. "बघ, म्हणून म्हणतो! पक्के बसवून घेऊ!"

त्याला माहीत नव्हतं. तो घरात असताना सासूबाईंचे स्वतःचे दात होते. तेव्हा त्या बोलणं तोडायच्या ते नुसतं उठून जाऊन. आता उठता येत नव्हतं.

"बरं, राहू दे! एक फोटो काढू! मग निवांत ठरव!" तो उठला आणि फोन काढून मागे मागे गेला. "भिंगरी, आजीजवळ जा! आई, इकडे बघ!"

भिंगरी धावली आणि आजीच्या मांडीवर रेलायला म्हणून खुर्चीच्या हाताला लटकली. ब्रेक एकच लागलेला होता. मोकळं चाक फिरलं, खुर्ची लागलेल्या चाकाभोवती गर्रकन वळली आणि तिचं पुढचं छोटं चाक पाणी जायच्या पन्हाळीत उतरलं. सासूबाई एका अंगाला कलल्या. त्यांचा हात हवेत काहीतरी शोधत होता.

"अगं आई, धर! कठडा धर ना गं!"

तिच्या हातातला थर्मास खाली पडला. तिने एका हाताने खुर्चीची मूठ आणि दुसऱ्या हाताने सासूबाईंचा खांदा पकडला होता, रुमालातल्या कवळीसकट. बुटका कठडा सासूबाईंच्या हाती लागला होता. तोही धावत आला. दोघांनी मिळून चाक वर उचललं, दुसरा ब्रेक लावला. कुणाला काही झालं नव्हतं. खुर्ची जेमतेम वीतभर सरकली होती आणि पुढे छातीएवढा भक्कम कठडा होता. शेजारच्या माणसांनी वळूनही पाहिलं नाही. ओट्यावर सगळा आवाज पाण्याचाच होता, आणि त्या आवाजात आपण काय ओरडलो ते कोणालाच कळलं नसेल, असं तिला वाटलं. तिचे स्वतःचे कान मात्र तापले होते.

"सॉरी, सॉरी," तो म्हणत होता. "एकच लावला मी. त्याने सांगितलं होतं. आई, लागलं का? ठीक आहेस ना?"

सासूबाई त्याच्याकडे पाहत नव्हत्या. खांद्यावर अजूनही असलेल्या हाताकडे त्यांनी पाहिलं, मग त्या हाताच्या मालकिणीकडे. बराच वेळ, आरशात पाहिलं होतं तसं. तुषारांनी चष्मा भरून गेला होता. त्यांनी तो काढला नाही. हात तोंडाशी नेला, अंगठ्याने वरची कवळी सोडवली आणि रुमाल बिमाल काही न घेता, ओली तशीच, तिच्या तळहातावर ठेवली.

इथे वाटी नव्हती, टिण् झालं नाही.

"दोन्ही!" भिंगरी किंचाळली. "बाबा, दोन्ही काढले!"

"म्हणजे काय?"

"म्हणजे आजीचं बोलणं संपलं! आता नाही काही विचारायचं. विचारलं तरी चालत नाही!"

तो हातात फोन घेऊन उभा होता. त्याने आईकडे पाहिलं. दातांवाचून त्यांचा चेहरा लहान, दुमडल्यासारखा झाला होता, आणि त्यावर राग नव्हता, रुसवा नव्हता. दार लावून घेतल्यावर घर जसं दिसतं तसा तो दिसत होता. मग त्याने तिच्या मुठीकडे पाहिलं. बऱ्याच वेळाने त्याने फोन खिशात टाकला, खाली वाकून थर्मास उचलला आणि हलवून पाहिला. आतली काच वाजली.

"फुटला," तो म्हणाला.

परत येताना खुर्ची त्यानेच ढकलली. झाडाचा वळसा आला तेव्हा तो थांबला, खाली बसला, आणि आईच्या कानात काहीतरी बोलला. सासूबाईंनी त्याच्या गालावर हलकेच दोन चापट्या मारल्या. गाड्यांपाशी पोहोचल्यावर त्याने आपली डिकी उघडली, निळी बॅग काढली आणि तिच्या डिकीत नेऊन ठेवली. आधी आडवी ठेवली, मग उभी केली, मग पुन्हा आडवी.

"मी येत जाईन महिन्याला," तो म्हणाला. "आणि जिन्याचं काहीतरी बघायला हवं. तळमजल्यावर एखादं घर मिळालं तर... मी विचारतो कोणाला तरी."

"विचार."

"दात तू केलेस ते?"

"लॅबमध्ये होतात," ती म्हणाली.

तिला आनंद झाला का, हे तिला तेव्हा कळलं नाही. तिला जिना आठवला. मग उद्याची अंघोळ, परवाचं रक्त तपासायला नेणं, रिकाम्या न होणाऱ्या खोलीतलं न येणारं टेबल. मग तिने टेलरला फोन लावला.

"परत आणतेय," ती म्हणाली.

"आणा की," टेलर म्हणाला. "मेव्हणा इथेच आहे. मी खुर्चीही जिन्याखालीच ठेवलीय."

मागच्या सीटवर सासूबाई भिंगरीच्या खांद्यावर मान टाकून बसल्या होत्या. कवळ्यांचं गाठोडं तिने डब्याच्या रिकाम्या कप्प्यात ठेवलं होतं. गाडी खड्ड्यातून गेली की ते आत हळूच वाजत होतं. डोंगर मागे गेला. पाण्याचा आवाज कधी थांबला ते कळलं नाही.

"आई."

"काय गं?"

"तू आजीला अगं म्हणालीस."

तिने गिअर बदलला. "घाई झाली ना. निघालं तोंडातून."

"आजी रागावली नाही पण."

"नाही."

आरशात सासूबाईंचे डोळे मिटलेले होते. इतका वेळ भिंगरीचा हात थोपटणारी त्यांची बोटं मात्र थांबली होती.

"मग आता घरी गेल्यावर तू तिला काय म्हणणार?" भिंगरीने विचारलं. "अगं, का अहो?"